मुंबईतली जुनी पोलीस केस आणि अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत: कागद कसे जमवायचे, काय सांगायचं

विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांत झालेली हाणामारी, रूळ ओलांडताना आरपीएफने धरणं, गणपतीच्या जागरणाला मांडलेल्या पत्त्यांवर पडलेली धाड, नाकाबंदीत दारूच्या तपासणीत सापडणं. मुंबईत वाढलेल्या अनेकांच्या तरुणपणात असलं एखादं प्रकरण असतं आणि घरचे ते विसरूनही गेलेले असतात. पंधरा-वीस वर्षांनी तोच मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर स्थिरावलेला असतो, नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरायला घेतो आणि अटकेच्या प्रश्नापाशी त्याचा हात थांबतो. मग मुलुंडला किंवा दादरला फोन येतो: "बाबा, ती केस लिहायची का?"

मी मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत वकिली करतो आणि असे बाबा माझ्याकडे येतात. बहुतेकांची समजूत एकच असते: "दंड भरला, विषय मिटला. केस नव्हतीच ती." आपल्याकडे व्यवहारात ते खरंही आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात मात्र गुन्हा कबूल करून कोर्टात भरलेला दंड ही दोषसिद्धी धरली जाते. त्या एका किरकोळ दोषसिद्धीने नागरिकत्व अडतंच असं नाही, पुष्कळदा अडत नाही. अडतं ते लपवल्याने आणि कागद नसल्याने. म्हणून अर्ज भरण्याआधी कागद हातात घ्या आणि कागदात जे आहे तेच सांगा. हे कसं करायचं, ते पुढे लिहितो. अमेरिकन कायद्याचा अंतिम सल्ला तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा. पण त्या वकिलालाही मुंबईचे कागद लागतात आणि ते तुम्हालाच जमवावे लागतात.

प्रश्न काय विचारतो

एन-४०० मधला प्रश्न फार रुंद आहे. जगात कुठेही, कधीही, कोणत्याही कारणाने तुम्हाला अटक झाली का, ताब्यात घेतलं का, समन्स वा चलन देऊन गुन्हा नोंदवला का, आरोप ठेवला का, हे सगळं त्यात येतं. 'कधीही' म्हणजे कधीही. वय सतरा असलं तरी, निर्दोष सुटलात तरी, हायकोर्टाने गुन्हा रद्द केला तरी, कुणी "आता तुमच्या नावावर काही नाही" म्हणालं तरी. अर्जासोबतच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की रेकॉर्ड बंद झालेलं वा पुसलेलं असलं तरी सांगायचं.

एक सवलत आहे. वाहतुकीच्या ज्या प्रकरणात अटक झाली नाही आणि शिक्षा फक्त ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढीच होती, त्याचे कागद जोडायची गरज नसते. हेल्मेटचं ई-चलान त्यात बसेल. दारू पिऊन गाडी चालवल्याची, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची केस बसत नाही, कारण दारू वा अमली पदार्थाशी संबंध आला की ही सवलत संपते.

आधी प्रकरणाची जात ओळखा

घरी विचारलं तर "पोलिसांनी नेलं होतं" यापलीकडे कुणी सांगत नाही. इथून पुढचा मार्ग मात्र त्यावरच ठरतो, म्हणून जरा बसून आठवा.

एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. शेजाऱ्याने भांडणानंतर तुमच्या नावाने एनसी लिहून ठेवली, पोलिसांनी तुम्हाला बोलावलंही नाही, तर अटक नाही, आरोपही नाही. पण रात्रभर चौकीत बसवून ठेवलं असेल तर तो 'ताब्यात घेण्याचा' प्रश्न झाला. याचं उत्तर स्वतः ठरवू नका, अमेरिकेतल्या वकिलाला विचारा.

चॅप्टर केस. सणासुदीला, निवडणुकीला किंवा वस्तीतल्या भांडणानंतर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली) कलम १०७ वा १५१ खाली उचलत आणि शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेत. मुंबईत हे काम सहायक पोलीस आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून करतात. हा प्रतिबंधक उपाय आहे, यात दोषसिद्धी नसते. तरी माणूस ताब्यात होता, म्हणून प्रश्नाचं उत्तर 'होय' आणि सोबत त्या कार्यालयातला आदेश.

एफआयआर. त्याला पोलीस स्टेशनात सी. आर. नंबर असतो. जुगार, दारूबंदी, पोलीस कायदा अशा स्थानिक कायद्यांच्या केसना मात्र मुंबईत वेगळा एल. ए. सी. नंबर पडतो. पत्त्यांच्या धाडीचा माग काढताना सी. आर. रजिस्टरमध्ये नाव सापडत नाही म्हणून लोक परत फिरतात. नोंद एल. ए. सी. रजिस्टरमध्ये पडून असते.

रेल्वे. विनातिकीट, रूळ ओलांडणं (रेल्वे कायदा १९८९, कलम १४७), लेडीज डब्यात शिरणं. इथे दोन शक्यता. टीसीने जागेवर जादा भाडं घेऊन पावती दिली असेल तर कोर्ट झालंच नाही. पण आरपीएफने धरून रेल्वे दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं, रांगेत सगळ्यांनी "कबूल आहे" म्हटलं आणि दंड भरून लोकल पकडली, तर ती कोर्टातली कबुली आहे. मुंबईकरांना सगळ्यात आश्चर्य याच गोष्टीचं वाटतं.

लोक अदालतीत मिटलेली केसही अशीच तपासून घ्यावी लागते. तिथे फिर्यादीने तडजोड केली की तुम्ही गुन्हा कबूल करून दंड भरला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नंबर शोधा

नंबर मिळाला की निम्मं काम झालं. घरातली जुनी फाईल, जामिनाची पावती, वकिलाचं कार्ड, कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी, काहीही चालेल. नसेल तर ज्या हद्दीत प्रकार घडला त्या पोलीस स्टेशनला जा. राहत्या घराचं स्टेशन उपयोगाचं नाही. वर्ष, साधारण महिना आणि आरोपीचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून न्या. तिथे 'कोर्ट कारकून' म्हणून एक कर्मचारी असतो. कोणत्या केसचा निकाल काय लागला, कोणत्या कोर्टात गेली, हे त्याच्या रजिस्टरवरून कळतं. ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा या माणसाची वेळ विचारून घ्या.

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकले जातात, तेव्हा त्यानंतरची केस असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बघा. ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने किंवा एफआयआर नंबरने शोधता येतं, पण जुन्या किरकोळ केस तिथे असतीलच असं नाही. साइटवर सापडलं नाही याचा अर्थ केस नव्हती असा काढू नका.

पोलीस स्टेशन दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम. उत्तराची मुदत ३० दिवस. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे. ग्रीन कार्डवाला अजून भारतीय नागरिक असतो, शपथ घेतल्यावर राहत नाही. स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असेल तर तो आत्ताच करावा.

कोर्टातून नकला

पोलीस स्टेशन तुम्हाला कोर्टाचं नाव सांगेल: किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, विक्रोळी, मुलुंड, बोरिवली, जे असेल ते. सोबत कोर्टाचा क्रमांक आणि सी. सी. नंबर, म्हणजे कोर्टातला केस नंबर, घ्या. या नंबरात पीडब्ल्यू, पीएस, एसएस अशी अक्षरं असतात. तीही जशीच्या तशी उतरवा, कारण एकाच आकड्याच्या वेगवेगळ्या केस असतात आणि अक्षरांवरून रजिस्टर बदलतं.

अर्ज 'प्रमाणित नक्कल मिळण्याबाबत' असा करायचा. आरोपी अमेरिकेत असेल तर इथल्या वकिलाच्या नावे वकीलपत्र सही करून पाठवा. घरच्या माणसाला अधिकारपत्र देऊनही प्रयत्न करता येतो, पण वकील असला की शिरस्तेदाराच्या टेबलावर काम लवकर पुढे सरकतं. काय काय मागायचं ते अर्जात नावानिशी लिहा: एफआयआर, दोषारोपपत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), अंतिम आदेश वा निकालपत्र आणि दंड भरल्याची नोंद. नुसतं 'निकालाची प्रत' लिहिलंत तर एकच पान मिळेल आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावं लागेल.

या सगळ्यात रोजनामा सगळ्यात मोलाचा. कबुलीच्या केसमध्ये लांबलचक निकालपत्र नसतंच. शेवटच्या तारखेला चार ओळी असतात: आरोपी हजर, आरोप समजावून सांगितला, आरोपीने स्वेच्छेने गुन्हा कबूल केला, दंड इतके रुपये, न भरल्यास इतके दिवस साधी कैद. खाली दंड भरल्याची नोंद आणि पावती क्रमांक, त्याखाली दंडाधिकाऱ्यांची सही. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला हवं असलेलं सारं या चार ओळींत असतं: कोणतं कलम, काय उत्तर, काय शिक्षा, पूर्ण झाली का. पावती क्रमांकाची ओळ पुसट आली असेल तर नक्कल परत देऊन स्पष्ट प्रत मागा. दंड भरल्याचा पुरावा नसेल तर शिक्षा अपुरी राहिल्याची शंका येते. निकालात 'कोर्ट उठेपर्यंत कैद' असं असेल तर ती कैदेचीच शिक्षा आहे, फक्त दंड झाला असं सांगू नका.

दोषारोपपत्र दाखलच झालं नसेल तर पोलिसांनी 'समरी', म्हणजे केस बंद करण्याची मंजुरी, मागितलेली असते. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, बी म्हणजे फिर्याद खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. पोलिसांचा अहवाल पुरेसा नाही, दंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूर केल्याचा आदेश हवा. आंदोलनाच्या केस सरकारने मागे घेतलेल्या असतील तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली कोर्टाने दिलेल्या परवानगीची नक्कल घ्या. शासन निर्णयाच्या प्रतीने भागत नाही.

रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर? किरकोळ केसची कागदपत्रं ठराविक काळाने नष्ट करतात, त्यात कुणाचा दोष नाही. मग कोर्टाकडून तसं लेखी घ्या: अमुक नंबरच्या केसचं रेकॉर्ड नियमानुसार नष्ट केलं आहे, शिक्क्यासह. शक्य असेल तर फौजदारी रजिस्टरमधल्या त्या ओळीची नक्कलही. पोलीस स्टेशनकडूनही असंच पत्र मिळवा. "नाही मिळालं हो" हे तोंडी उत्तर मुलाखतीत चालत नाही, तेच शिक्क्याच्या कागदावर असलं तर चालतं.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवायला हरकत नाही, पण ते कोर्टाच्या निकालाची जागा घेऊ शकत नाही. स्वच्छ पीसीसी हातात आहे म्हणून 'नाही' वर खूण करणारे मी पाहिले आहेत. पीसीसीवर काहीही लिहिलेलं असो, प्रश्न अटकेबद्दल आहे.

केस अजून उघडी निघाली तर

कधी कधी शोधता शोधता कळतं की केस संपलेलीच नाही. तारखेला कुणी गेलं नाही, वॉरंट निघालं आणि फाईल 'डॉर्मंट'मध्ये, म्हणजे थांबलेल्या केसमध्ये, पडली. अशा वेळी एन-४०० भरण्याची घाई अजिबात करू नका. आधी इथे वकिलामार्फत वॉरंट रद्द करून घ्या, हजेरीतून सूट मागा, केस निकाली काढा. मारामारीच्या किरकोळ केसमध्ये फिर्यादी तडजोडीला तयार असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० खालची तडजोड सर्वात चांगली, कारण तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. "साहेब, कबूल करून टाका, पाचशे रुपयांत सुटाल" असं कोर्टाच्या आवारात कुणीही सांगेल. ग्रीन कार्डवाल्याने अमेरिकेतल्या वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नये. माझा हा आग्रह आहे आणि त्यापायी केस दोन महिने लांबली तरी चालेल.

चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, म्हणजे १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली, तर इथले वकील "शिक्षा झाली नाही" म्हणतील. अमेरिकेत कबुली आणि त्यासोबत काही बंधन एवढं असलं तरी दोषसिद्धी ठरू शकते. शिवाय परिवीक्षेची मुदत चालू असताना नागरिकत्वाचा अर्ज मंजूर होत नाही. मुदत संपू द्या.

कलमाचं वजन

अधिकारी बघतो ते 'चांगलं नैतिक चारित्र्य'. मुख्य काळ अर्जाच्या आधीची पाच वर्षं, अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असून त्या आधारे अर्ज केला असेल तर तीन. त्याआधीचंही तो विचारात घेऊ शकतो, पण वजन कमी.

एक किरकोळ गुन्ह्याची सवलत आहे: कायद्यात त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतच कैद असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त झाली नसेल. इथे मोजायचं ते कलमातलं कमाल. तुम्हाला झालेला दंड कितीही छोटा असो. जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३२३, साधी दुखापत, कमाल एक वर्ष. कलम १६०, सार्वजनिक जागी मारामारी, कमाल एक महिना. पण ३७९ची चोरी कमाल तीन वर्षं, ५०६ची धमकी दोन वर्षं. कॉलेजात असताना कुणाचा मोबाईल उचलल्याची केस आणि दोनशे रुपये दंड, घरच्यांना पोरकटपणा वाटतो, अमेरिकन कायद्यात तो या सवलतीबाहेर जातो. चोरी, फसवणूक, अमली पदार्थ, ४९८अ (सासरी बायकोचा छळ) यांपैकी काही असेल तर अर्ज पाठवण्याआधी वकील हवाच. अशा दोषसिद्धीने ग्रीन कार्डही धोक्यात येऊ शकतं. जुगाराचंही लक्षात ठेवा: त्या पाच वर्षांत जुगाराच्या दोन दोषसिद्धी झाल्या तर चारित्र्याचा निकष थेट फसतो. सुट्टीत गावी-मुंबईत आल्यावर पत्त्यांना बसताना हे आठवावं.

भाषांतर

मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्के आणि शेऱ्यांसकट. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने लिहून सही करायची. नोटरी सक्तीची नाही. अर्जदाराने स्वतः वा त्याच्या बायकोने करू नये हे बरं. 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' ही वेगळी कृत्यं आहेत, भाषांतरात ती वेगळीच राहिली पाहिजेत. एफआयआरमध्ये नाव 'बाळू ऊर्फ' असं काही असेल तर तेही ठेवा आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. पोलिसांनी वय चुकीचं लिहिलं असेल तरी दुरुस्त करू नका, जोडपत्रात खुलासा करा.

आधीच्या अर्जांत काय लिहिलं होतं

हे लोक विसरतात आणि नेमकं इथेच अडकतात. व्हिसाच्या डीएस-१६०, डीएस-२६० किंवा ग्रीन कार्डच्या आय-४८५ मध्येही अटकेचा प्रश्न होता. तिथे 'नाही' आणि आता 'होय' असेल तर मुद्दा हाणामारीचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो. जुन्या प्रती नसतील तर अमेरिकन माहिती कायद्याखाली यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून स्वतःची फाईल मागवता येते. तफावत दिसली तर अर्ज भरू नका, आधी वकील. आणि एन-४०० आधीच पाठवला असून त्यात 'नाही' लिहिलं गेलं असेल, तर मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारण्याआधी स्वतःहून सांगून दुरुस्त करा. पकडल्यावर दिलेल्या कबुलीला ती किंमत राहत नाही.

मुलाखतीचा दिवस

फाईलमध्ये वरती एक पानाचं निवेदन ठेवा: तारीख, ठिकाण, काय घडलं, कोणतं कलम, निकाल, दंड कधी भरला, त्यानंतर काही नाही. "पोलिसांनी उगाच अडकवलं" असं लिहू नका, रोजनाम्यात कबुली असताना तर मुळीच नाही. त्याखाली मूळ प्रमाणित नकला, त्यांची भाषांतरं आणि झेरॉक्सचा एक संच. १५ ऑगस्ट २०२५च्या धोरणापासून अधिकाऱ्यांना अर्जदाराच्या चांगल्या बाजूही तोलायला सांगितलं आहे, तेव्हा कर भरल्याचे दाखले, नोकरीचं पत्र, महाराष्ट्र मंडळात किंवा मुलांच्या शाळेत केलेल्या स्वयंसेवेचं पत्र सोबत असू द्या.

सुरुवातीला शपथ देतात. त्यानंतरचं खोटं, मग ते कितीही क्षुल्लक बाबीचं असो, नागरिकत्व मिळवण्यासाठी असेल तर चारित्र्याच्या निकषात स्वतंत्र अडथळा ठरतं. उत्तर छोटं द्या: "होय. २००८ साली मुंबईत, मारामारी, कोर्टात कबुली दिली, दंड भरला. हे कागद." मग थांबा. विचारतील तेवढंच पुढे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आई-वडिलांची मुलाखत असेल आणि वय ५० व ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ व १५ वर्षं झाली असतील, तर मराठी दुभाषी नेता येतो. दुभाष्याला कलमांची नावं आधी दाखवून ठेवा.

कागद कमी पडले तर अधिकारी एन-१४ हे कागद मागणारं पत्र देतो, मुदतीत भरा. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. नाकारला तर ३० दिवसांत एन-३३६ने फेरसुनावणी मागता येते. मंजूर झाला तरी शपथविधीला एन-४४५ नावाचा फॉर्म भरायचा असतो आणि त्यात मुलाखतीनंतर अटक झाली का, हे पुन्हा विचारतात. म्हणून त्या मधल्या काळात मुंबईला येऊन नाकाबंदीत सापडलात तर तेही लिहावं लागेल. नकलांचा एक संच मुंबईच्या घरीही ठेवा, पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाच्या वेळी हेच कागद पुन्हा लागू शकतात.